दिल्लीचं जजमेंट ठाण्यात चालतं का, आणि जर्मनीत जजमेंटला खरंच किंमत नसते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, ॲग्रीमेंट जानेवारी २०१७ मध्ये रजिस्टर झालं, त्यात पझेशन डिसेंबर २०१९ लिहिलंय आणि अजून चावी हातात नाही. बिल्डर म्हणतो महारेराच्या, म्हणजे रेरा या रिअल इस्टेट कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, साइटवर आम्ही डिसेंबर २०२२ तारीख टाकली होती, उशीर मोजायचाच तर तिथून मोजा. तुम्ही स्वतः शोधून तीन जजमेंट नोटिशीला जोडलीत, एक दिल्ली हायकोर्टाचं, एक राष्ट्रीय ग्राहक आयोगाचं आणि एक सुप्रीम कोर्टाचं, २०१९ चं पायोनियर अर्बनचं. त्यावर बिल्डरच्या वकिलाचं एका ओळीचं उत्तर आलं, "सदर निकाल आमच्या अशिलावर बंधनकारक नाहीत." आणि स्टुटगार्टला नोकरीला असलेला तुमचा मेव्हणा म्हणतो की जर्मनीत कुठलाच जज दुसऱ्या जजच्या निकालाला बांधलेला नसतो, कायद्याचं पुस्तक उघडतात आणि निकाल देतात, मग आपल्याकडेच जुन्या निकालांचे गठ्ठे कशाला लागतात. यात खरं कोण बोलतंय आणि तुमच्या तीन कागदांची किंमत किती, असा एकूण प्रश्न आहे.

मी ठाणे कोर्टात २२ वर्षं वकिली करतेय, बेलापूरच्या कोर्टातही मॅटर असतात, आणि रेरा आल्यापासून फ्लॅटवाल्यांच्या तक्रारी सतत हाताखालून जातात. त्या अनुभवावरून सांगते. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, तुमच्या बिल्डिंगला ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारं महापालिकेचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, मिळालीय की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि शेवटचं उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. ते पुढे येईलच.

"बंधनकारक" हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि घोळ तिथेच होतो. पहिला अर्थ असा की ज्या दोघांत केस लढली गेली त्या दोघांनी तो हुकूम पाळायचा, आणि एकदा निकाल पक्का झाला की त्याच मुद्द्यावर पुन्हा भांडायचं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ आहे त्यासाठी, रेस ज्युडिकाटा म्हणतात ते. या अर्थाने बिल्डरचे वकील पूर्ण बरोबर आहेत, गुरुग्रामच्या कुणा ग्राहकाला पैसे परत द्या असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून घोडबंदरच्या बिल्डरला कुणी हुकूम दिलेला नाही. पण तुम्ही ते जजमेंट हुकूम म्हणून जोडलंच नव्हतं ना. दुसरा अर्थ असा की तो निकाल देताना कायद्याचा जो अर्थ लावला गेला तो पुढच्या केसमध्ये मानावा लागतो का. हे बंधन बिल्डरवर नसतंच, ते तुमची तक्रार ऐकायला बसलेल्या अधिकाऱ्यावर किंवा जजवर असतं. म्हणजे वकिलांनी दिलेलं उत्तर एका प्रश्नाचं खरं उत्तर आहे, फक्त तो प्रश्न तुमचा नव्हता.

आता कुणाचं बंधन कुणावर. राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सुप्रीम कोर्टाने जाहीर केलेला कायदा भारतातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे, मग ती केस गुरुग्रामची असो नाहीतर गुवाहाटीची. हायकोर्टाबद्दल इतकं सरळ कलम घटनेत नाही. पण कलम २२७ प्रमाणे आपल्या हद्दीतल्या कोर्टांवर आणि ट्रायब्युनलवर हायकोर्टाची देखरेख असते, आणि ज्याची देखरेख आपल्यावर आहे त्याने सांगितलेला कायदा बाजूला सारून खालच्यांना कामकाज चालवता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनीच्या केसमध्ये म्हटलंय. ती केस कलकत्त्याच्या कस्टम्सची होती पण आज महारेरासमोरही तेच तत्त्व चालतं. म्हणून ठाण्याच्या दिवाणी कोर्टावर, महारेरावर आणि त्याच्या वरच्या अपिलेट ट्रायब्युनलवर बंधन कुणाचं, तर सुप्रीम कोर्टाचं आणि मुंबई हायकोर्टाचं. आणि मुंबई हायकोर्ट म्हणजे फक्त फोर्टमधली इमारत नाही हां. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि २०२५ पासून कोल्हापूर, कुठेही बसून दिलेला निकाल हा एकाच हायकोर्टाचा निकाल असतो. "ते औरंगाबाद बेंचचं आहे, आपल्याकडे चालत नाही" असं मला आजही पक्षकार येऊन सांगतात, त्यांना तसं कुणीतरी सांगितलेलं असतं, ते चूक आहे.

दिल्ली हायकोर्टाचं जजमेंट या साखळीत बसत नाही. ठाण्यातल्या जजला ते पटलं तर घेईल, नाही पटलं तर दोन ओळी लिहून बाजूला ठेवेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. पण म्हणून ते टाकाऊ असंही नाही. आपल्या हायकोर्टाने त्या मुद्द्यावर काहीच म्हटलेलं नसेल आणि दिल्लीच्या जजनी चांगला, मुद्देसूद विचार केलेला असेल तर इथले जज ते मन लावून वाचतात, माझ्या कितीतरी ऑर्डरमध्ये तसं झालंय. प्रश्न एवढाच की दिल्लीत ज्या कायद्याचा अर्थ लावला तोच कायदा इथे आहे का. हे मी फार महागात शिकले, ते सांगते.

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. कळव्याच्या एक आजी होत्या, नवरा गेलेला, दोन खोल्यांपैकी एक भाड्याने दिली होती. लिव्ह अँड लायसन्सचा करार स्टॅम्प पेपरवर केला पण रजिस्टर केला नाही, तेव्हा बरेच लोक करायचे नाहीत. मुदत संपली, भाडेकरू उठेना, उलट म्हणायला लागला की ठरलेलं भाडं वेगळंच होतं आणि मुदतही जास्त होती. मला दिल्ली हायकोर्टाचं एक जजमेंट सापडलं, अगदी मालकाच्या बाजूचं, वाचून वाटलं की आता काही बघायलाच नको. झेरॉक्स काढली, हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, पिवळा हायलायटर फिरवला आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी हेडनोटकडे पाहिलंच नाही, सरळ पान उलटून फॅक्ट्सचा पॅरा काढला, शांतपणे वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, आपल्या रेंट कंट्रोल ॲक्टमध्ये कलम ५५ आहे, तसं कलम या दिल्लीच्या केसमध्ये कुठे दिसतंय का?" नव्हतं. आपल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. माझं जजमेंट त्या क्षणी संपलं. अंतरिम अर्ज नामंजूर झाला. आजी बाहेर बाकावर कागदांची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या आणि मला बाहेर जाऊन त्यांना सांगावं लागलं. पुढे पुरावा नोंदवून ती केस जिंकलो, पण त्या बाईंची मधली वर्षं गेली ती गेलीच. तेव्हापासून मी कुठलंही जजमेंट हातात घेतलं की आधी फॅक्ट्स वाचते आणि कुठल्या कायद्याचं कुठलं कलम आहे ते बघते, हेडनोट सगळ्यात शेवटी.

तुमच्या बाबतीत एक बरं आहे की रेरा हा केंद्राचा कायदा, संसदेने केलेला, त्यामुळे दुसऱ्या हायकोर्टाने त्याच कलमाचा अर्थ लावला असेल तर इथे त्याला वजन जास्त मिळतं. तरी नियम आणि ॲग्रीमेंटचे नमुने राज्याराज्यांचे वेगळे आहेत, तेवढं तपासून घ्या.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या निकालाचं तर वेगळंच आहे. तो ग्राहक कायद्याच्या जिन्यावरचा वरचा मजला आहे, त्या जिन्यावर खाली जिल्हा आयोग, मध्ये राज्य आयोग. तुम्ही जिल्हा किंवा राज्य आयोगात गेलात तर तिथे त्याला जोर आहे, वरचाच अपील ऐकणार असतो. महारेरात गेलात तर तो शेजारच्या जिन्यावरचा निकाल, मान मिळेल पण सक्ती नाही. दोन्हीपैकी कुठलाही रस्ता घ्यायची मुभा ग्राहकाला आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा आधी कुठे जायचं ते ठरवा आणि मग जजमेंट शोधा, लोक नेमकं उलटं करतात.

आणि आता जी गोष्ट मला तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त खटकली. तुमच्या सगळ्यात कामाचं जजमेंट तुम्ही लावलंच नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचने नीलकमल रिअल्टर्सच्या केसमध्ये रेरा कायदा घटनेला धरून आहे असा निकाल दिला. त्यात बिल्डर लोकांचं एक म्हणणं असं होतं की प्रोजेक्ट रेरात रजिस्टर करताना आम्हाला नवीन तारीख देता येते, मग जुन्या ॲग्रीमेंटच्या तारखेवरून आम्हाला का धरता. हायकोर्टाने म्हटलं की उशीर हा रजिस्ट्रेशनच्या आधी झालेल्या ॲग्रीमेंटमधल्या तारखेपासूनच मोजायचा, रेरा दोघांमधला करार नव्याने लिहून देत नाही. तुमचा जानेवारी २०१७ चा करार, मे २०१७ मध्ये रेरा पूर्ण लागू झाला, आणि नंतर साइटवर टाकलेली २०२२ ची तारीख, हे बिल्डरचं उत्तर जसंच्या तसं तिथे खोडलेलं आहे, आणि ते आपल्याच हायकोर्टाने, ज्याचं महारेरावर बंधन आहे. दिल्लीपर्यंत जायची गरजच नव्हती. मुंबई हायकोर्टाचं आहे का ते आधी बघायचं, मग सुप्रीम कोर्टाने त्यानंतर काही वेगळं म्हटलंय का ते बघायचं, आणि दोन्हीकडे काही नसेल तरच बाहेर शोधायचं.

यापुढचा भाग जरा किचकट आहे पण त्याशिवाय बिल्डरच्या वकिलाला उत्तर देता येणार नाही. जजमेंटमधलं प्रत्येक वाक्य बंधनकारक नसतं. त्या केसचा निकाल ज्या कायदेशीर कारणावर उभा आहे ते कारण बांधतं, त्याला आम्ही रेशो म्हणतो, आणि जाता जाता जे बोललं गेलं त्याला ऑबिटर. उदाहरण तुमच्याच विषयातलं घेते. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या केसमध्ये तीन जजच्या बेंचने म्हटलं की पझेशन वेळेवर दिलं नाही तर रेराच्या कलम १८ खाली पैसे परत मागायचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरला काय अडचणी आल्या, कुठल्या कोर्टाचा स्टे होता, हे तिथे चालत नाही. ग्राहकांसाठी फार मोठा आधार आहे तो पॅरा. पण ती केस उत्तर प्रदेशातली आणि मुख्य वाद असा होता की रिफंडचा हुकूम रेरा प्राधिकरणाने द्यायचा की ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरने (भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने), एकटा सदस्य देऊ शकतो का, अपिलाआधी बिल्डरने पैसे भरायचे का, असा. म्हणून समोरचे वकील उभे राहून म्हणतात की कलम १८ बद्दलचं ते वाक्य ऑबिटर आहे. मला हा युक्तिवाद दोन-तीनदा ऐकावा लागलाय. माझं उत्तर असं असतं की कलम १८ मध्ये नेमका कुठला हक्क आहे हे ठरवल्याशिवाय तो कुणी द्यायचा हे ठरूच शकत नव्हतं, म्हणून ते वाक्य निकालाच्या पायातलंच आहे, आणि समजा ऑबिटर धरलं तरी सुप्रीम कोर्टाने विचारपूर्वक लिहिलेला ऑबिटर खालच्या कोर्टाने सहज डावलायचा नसतो, त्याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचं दुसरं थेट काही नसेल तर तोच पाळायचा.

आता फॅक्ट्सने किती फरक पडतो ते बघा. पायोनियर अर्बनमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बिल्डरने ओसी आणून पझेशन देऊ केलं तरी इतक्या उशिरानंतर घर घ्यायची ग्राहकावर सक्ती नाही, आणि एकतर्फी अटींचं ॲग्रीमेंट त्याच्या गळ्यात मारता येणार नाही. दोन जजचं बेंच होतं. जानेवारी २०२१ मध्ये आयरिओ ग्रेसची केस आली, तीन जज, तीही गुरुग्रामचीच. त्यात एकाच बिल्डरच्या एकाच प्रोजेक्टमधल्या ग्राहकांचे दोन तक्ते केलेले आहेत, चार्ट ए आणि चार्ट बी. ज्यांच्या टॉवरला ओसी मिळाली होती आणि पझेशन देऊ केलं होतं त्या चार्ट ए वाल्यांना सांगितलं घर घ्या आणि उशिराची भरपाई घ्या, आणि चार्ट बी वाल्यांच्या टॉवरला ओसीच नव्हती, त्यांना पैसे व्याजासकट परत. तोच बिल्डर, तीच जाहिरात, तसंच ॲग्रीमेंट, एका कागदाने फरक पडला. म्हणून मी सुरुवातीलाच ओसीचं विचारलं. तुमच्या बिल्डिंगला ओसी नसेल तर तुम्ही चार्ट बी सारखे आहात आणि बिल्डरला फारसं बोलायला जागा नाही. ओसी असेल तर ग्राहक आयोगात तो आयरिओ ग्रेस काढणार, तुम्ही पायोनियर दाखवलंत तर म्हणणार आमचं तीन जजचं आहे, आणि तेव्हा तुम्हाला तारखा दाखवून सांगावं लागेल की तुमचा उशीर किती मोठा आणि पझेशन देऊ केल्याचं पत्र तुमच्या नोटिशीच्या आधीचं की नंतरचं. ही दोन्ही जजमेंट ग्राहक कायद्याच्या रस्त्याने वर गेलेली आहेत हेही लक्षात असू द्या, रेरात न्यूटेक जास्त जवळचं.

इथपर्यंत थोडक्यात एवढंच की सुप्रीम कोर्ट आणि आपलं हायकोर्ट यांचं बंधन, बाकीच्यांचं वजन, आणि तेही फॅक्ट्स जुळले तरच.

आता मेव्हण्यांचं. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर आहेत आणि रोजच्या कामात निम्मेच बरोबर. जर्मनीत खालच्या जजवर वरच्या कोर्टाच्या जुन्या निकालाचं आपल्यासारखं सर्वसाधारण बंधन नाही हे खरं. त्याला एक मोठा अपवाद आहे, कार्ल्सरूहच्या घटनात्मक कोर्टाचे निर्णय, त्या कोर्टाच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ते सगळ्या कोर्टांना आणि सरकारी खात्यांना पाळावेच लागतात. राहिलेल्या दिवाणी कायद्यात फेडरल कोर्ट ऑफ जस्टिसचे, म्हणजे बीजीएच या तिथल्या सगळ्यात वरच्या दिवाणी कोर्टाचे, निकाल कागदावर बांधत नाहीत. पण तीनेक वर्षांपूर्वी एका वारसाहक्काच्या मॅटरमध्ये, मुलगी वाशीला आणि भाऊ तिकडे, मला तिथल्या एका वकिलांबरोबर काम करावं लागलं. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या समोर जाड भाष्यग्रंथ उघडा असायचा आणि प्रत्येक कलमाखाली बारीक अक्षरात बीजीएचच्या निकालांच्या तारखा. मी विचारलं, बंधन नाही म्हणता मग हे एवढं कशाला बघता? ते म्हणाले की बीजीएचचा ठरलेला निकाल मला माहीत नसला आणि त्यामुळे अशील हरला तर नुकसानभरपाई माझ्या खिशातून जाते. शिवाय वरच्या प्रादेशिक कोर्टाला ठरलेल्या मतापासून बाजूला जायचं असेल तर पुढच्या अपिलाची दारं उघडी ठेवावी लागतात, आणि खुद्द बीजीएचमधल्या एका सेनेटला, म्हणजे बेंचला, दुसऱ्या सेनेटच्या विरुद्ध जायचं असेल तर प्रकरण मोठ्या सेनेटकडे पाठवावं लागतं. तुम्हीच सांगा, हे आपल्याकडे प्रश्न मोठ्या बेंचकडे पाठवतात त्या लार्जर बेंचच्या रेफरन्सपेक्षा कितीसं वेगळं आहे. नाव वेगळं, जोर जवळपास तोच.

फ्रान्सचं मूळ आणखी जुनं आहे. १८०४ च्या त्यांच्या नागरी संहितेच्या कलम ५ मध्ये जजला सरळ मनाईच आहे, समोरच्या केसपुरता निकाल द्या, सगळ्यांना लागू होईल असा नियम करू नका. क्रांतीच्या आधी तिथली वरची कोर्टं नियमासारखे सर्वसाधारण हुकूम काढायची, लोकांचा त्यांच्यावर राग होता, तो त्या कलमात उतरला. पण लगेच आधीचं कलम ४ वाचा, कायद्यात काही लिहिलेलं नाही किंवा नीट कळत नाही म्हणून निकाल द्यायला नकार देणारा जज दोषी धरला जाईल. मग बिचारा जज जातो कुठे, जुने निकाल काय सांगतात तेच बघतो. एकसारखे निकाल लागत गेले की त्यांना तिथे खूप मान मिळतो, एकट्यादुकट्या निकालाला तितका नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचं एकच जजमेंट पुरतं, तिथे ओळ लागावी लागते, हा फरक मात्र खरा आहे. आणि ब्राझील तर संहितेच्या परंपरेतला देश, त्यांनी २००४ मध्ये घटनादुरुस्ती करून सुप्रीम कोर्टाला बंधनकारक सूत्रं काढायचा अधिकार दिला, दोन तृतीयांश जज तयार असतील तर.

उलट ज्या इंग्लंडकडून आपण हे घेतलं तिथे १८९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, स्वतःलाच बांधून घेतलं होतं, आमचा जुना निकाल चुकला असला तरी तो संसदेनेच बदलायचा. १९६६ मध्ये त्यांनी ते सोडलं. आपल्या सुप्रीम कोर्टाने इतका वेळ लावलाच नाही, १९५५ मध्ये बेंगॉल इम्युनिटीच्या केसमध्ये सांगितलं की कलम १४१ मधल्या 'सगळ्या कोर्टांत' आम्ही स्वतः येत नाही, आणि दोनच वर्षांपूर्वीचं, मुंबई राज्याच्या विक्रीकराचं, स्वतःचं मत बदललं. आणीबाणीतला १९७६ चा हेबियस कॉर्पसचा निकाल २०१७ मध्ये नऊ जजच्या बेंचने पुसला. अमेरिकेतही २०२२ मध्ये गर्भपाताचा १९७३ चा निकाल गेला. तेव्हा बंधन खालच्या कोर्टांवर घट्ट असतं, सगळ्यात वरच्या मजल्यावर ते सैल होतं, आणि हे जवळजवळ सगळीकडे.

मला विचाराल तर संहितेची आणि जुन्या निकालांची, या दोन परंपरा एकत्र बघायला युरोपला जायची पण गरज नाही, गोव्याला जा. तिथे लग्न आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या तरतुदी अजून चालतात, म्हणजे पुस्तक युरोपातलं, आणि त्याचा अर्थ लावतं मुंबई हायकोर्टाचं गोवा बेंच, आणि तो अर्थ म्हापशाच्या किंवा मडगावच्या कोर्टाला मानावा लागतो, आपल्या कलम २२७ मुळे. पुस्तक कुठल्या परंपरेतलं आहे यापेक्षा कोर्टांची उतरंड कशी आहे यावर जास्त अवलंबून असतं असं माझं मत त्यावरूनच झालंय.

आता परत तुमच्या फाइलकडे. समोरून अजून दोन गोष्टी येऊ शकतात. एक, "न्यूटेकवर लार्जर बेंचपुढे प्रश्न आहे, रिव्ह्यू आहे, तोवर थांबा" असलं काहीतरी. खरं आहे की नाही ते तपासा, आणि खरं असलं तरी २०२३ मध्ये लडाख आणि नॅशनल कॉन्फरन्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रेफरन्स किंवा रिव्ह्यू पडून आहे म्हणून हायकोर्टांनी थांबायचं नाही, आज जो कायदा आहे तो लावायचा, आणि सारख्याच संख्येच्या दोन बेंचमध्ये फरक असेल तर आधीचा निकाल धरायचा. दोन, बिल्डर एखादं हायकोर्टाचं जजमेंट दाखवून म्हणेल की याविरुद्धची एसएलपी, म्हणजे अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज, सुप्रीम कोर्टाने फेटाळली म्हणजे सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला. तसं नसतं. कारण न देता एका ओळीत फेटाळलेली एसएलपी म्हणजे कलम १४१ खालचा कायदा नाही, २००० सालच्या कुन्हयम्मद केसमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. त्याचप्रमाणे सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम १४२ खाली पूर्ण न्यायासाठी एखाद्याला काही खास दिलं असेल किंवा 'ही ऑर्डर दाखला म्हणून वापरू नये' असं लिहिलं असेल तर ते तुम्हीही वापरू नका, समोरच्यालाही वापरू देऊ नका.

जजमेंट कुठून घेताय तेही महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवरचं कात्रण, यूट्यूबवरचा सारांश, एआयने सांगितलेलं नाव आणि नंबर, हे तसंच्या तसं लावू नका. नसलेली जजमेंट दाखल झाल्याचे प्रकार आपल्या देशात झालेत, आणि तसं एकदा झालं की तुमच्या खऱ्या कागदांवरही साहेबांचा विश्वास राहत नाही. सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर पोर्टल २०२३ पासून फुकट आहे, हायकोर्टाची स्वतःची साइट आहे, तिथून पूर्ण पीडीएफ काढा, पहिल्या पानापासून वाचा. बरीच जजमेंट मराठीतही आली आहेत, पण दाखल करताना इंग्रजीच करा.

पुढची नोटीस किंवा तक्रार लिहिताना दिल्लीचं जजमेंट काढून टाकलंत तरी चालेल. नीलकमल पुढे ठेवा, त्यातला करार नव्याने लिहिण्याबद्दलचा पॅरा नंबर टाका, आणि त्याच्याच खाली तुमच्या ॲग्रीमेंटमधल्या पझेशनच्या कलमाचं पान नंबरसकट लावा, दोन्ही समोरासमोर दिसले की वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. रेरात जाणार असाल तर त्यानंतर न्यूटेक. ग्राहक आयोगात जाणार असाल तर आधी तुम्ही भरलेली रक्कम बघा, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि तिथे पायोनियरबरोबर आयरिओ ग्रेस स्वतःहून जोडा. आपल्या विरुद्ध जाऊ शकणारं जजमेंट आपणच समोर ठेवून आपली केस त्यापेक्षा वेगळी कशी ते सांगितलेलं कोर्टाला आवडतं, समोरच्याने काढून दाखवलं की मात्र आपण लपवल्यासारखं दिसतं.

आणि सोमवारी सुट्टी टाकता आली तर महापालिकेच्या शहर विकास विभागात जाऊन तुमच्या टॉवरची ओसी निघालीय का ते विचारा, नाही सांगितलं तर तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज द्या. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या पानावर कागद चढवलेले असतात, तेही बघा, पण तारीख मूळ कागदावरचीच धरा. ती तारीख मिळाली की इथेच लिहा, रिफंड मागायचा की घर ठेवून महिन्याचं व्याज मागायचं ते त्यावरून सांगते.